स्वारी, दरबार आणि बळीचे राज्य : ख्रिस्ताच्या पुनरागमनाची मराठी भाषा

१

राधानगरीच्या इतिहासाबद्दल कोणी बोलू लागले की 'स्वारी' हा शब्द फार वेळ लांब राहत नाही. महाराजांची स्वारी दाजीपूरच्या जंगलात शिकारीला येई, भोगावतीवरच्या धरणाचे काम पाहायला येई. हे गावच राजाच्या इच्छेतून वसलेले. राजर्षी शाहू महाराजांनी ते वसवले आणि आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव त्याला दिले. अशा ठिकाणी राजाच्या येण्याला वेगळा शब्द असावा यात नवल नाही. तुम्ही-आम्ही येतो, राजाची स्वारी येते. या शब्दात घोडा आहे, लवाजमा आहे, पुढे वर्दी देणारा जासूद आहे आणि मुख्य म्हणजे हुकूम आहे. स्वारी येऊन गेल्यावर गाव पूर्वीचे राहत नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना हा शब्द मला आठवत राहतो, तो त्याच्या अनुपस्थितीमुळे. ख्रिस्त एकदा आला आणि पुन्हा येणार आहे, या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती श्रद्धेला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. यांपैकी पहिले येणे मराठीने फार जिव्हाळ्याने आपलेसे केले. गोठ्यातले बाळ, कोळ्यांचा मित्र, वधस्तंभावरचा निरपराधी या प्रतिमा ओवीत, अभंगात, कीर्तनात आल्या आणि रुजल्या. दुसरे येणे मात्र मराठीत अवघडल्यासारखे उभे आहे. सर्व अधिकार हाती घेऊन येणारा राजा आणि न्यायाधीश आपल्या साहित्यात सिद्धान्त म्हणून आला, प्रतिमा म्हणून फारसा आला नाही. असे का झाले, आणि त्यात आपण काय गमावले, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

२

आधी ही श्रद्धा नेमकी काय आहे ते पाहू. चौथ्या शतकातल्या निकेयाच्या मतांगीकारात ती निःसंदिग्धपणे आली आहे : जिवंतांचा व मृतांचा न्याय करायला ख्रिस्त पुन्हा येईल. इ. स. ३८१ मध्ये त्याला रूढ स्वरूप मिळाले, तेव्हा त्याच्या राज्याला अंत नाही ही पुस्तीही जोडली गेली. जगभरातल्या चर्चमध्ये आजही हा मतांगीकार म्हटला जातो. कोल्हापूरच्या उपासनेत बसलेला माणूसही तेच म्हणतो.

यात एक बारकावा आहे, तो सहसा निसटतो. ख्रिस्ताला अधिकार पुनरागमनाच्या दिवशी मिळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, पुनरुत्थानानंतर, स्वर्गातला व पृथ्वीवरचा सर्व अधिकार आपल्याला दिला गेल्याचे तो शिष्यांना सांगतोच. पुनरागमनाच्या दिवशी हा आधीपासूनचा अधिकार सर्वांना दिसेल, एवढाच फरक. मधला काळ अधिकार नसल्याचा नाही, तो न दिसण्याचा आहे.

या येण्यासाठी नव्या कराराने जो ग्रीक शब्द वापरला तो 'परूसिया'. त्याचा साधा अर्थ उपस्थिती किंवा येणे. पण त्या काळात राजा किंवा सम्राट एखाद्या प्रांताला भेट देई, तेव्हा त्या भेटीलाही परूसियाच म्हणत. जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इजिप्तमधील पपायरसांच्या आधारे हे दाखवून दिले. राजाच्या परूसियासाठी रयतेकडून मुकुटाचा पैसा आणि धान्य गोळा होत असे, याच्या नोंदी त्या पपायरसांवर आहेत. लॅटिनमध्ये याच अर्थाचा शब्द 'आद्व्हेंतुस'. नीरो येणार म्हणून करिंथ शहराने त्या शब्दाची नाणी पाडली होती. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात विश्वासणारे प्रभूला सामोरे जातात, असे चित्र आहे. तिथला ग्रीक शब्द मान्यवर पाहुण्याला वेशीबाहेर जाऊन भेटण्याचा, त्याला सन्मानाने गावात घेऊन येण्याचा आहे.

म्हणजे परूसियाला मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द 'स्वारी' हाच. आणि नेमका तोच बायबलच्या मराठी भाषांतरात रूढ झाला नाही.

३

सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने नव्या कराराचे मराठी भाषांतर केले, ते १८११ साली छापले गेले. पुढे बायबल सोसायटीने त्या कामाच्या अनेक सुधारित आवृत्त्या काढल्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून स्वतंत्र भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. या सगळ्या परंपरेतून आपल्या कानांत बसले ते शब्द 'येणे', 'आगमन', 'पुनरागमन', 'द्वितीयागमन'. ते चूक नाहीत. पण आगमन पाहुण्याचेही होते, गणपतीचेही होते, पावसाचेही होते. त्या शब्दाने कोणाला उठून उभे राहावे लागत नाही.

'स्वारी' का टाळली गेली असावी? एक कारण उघड आहे. स्वारी म्हणजे शत्रूवर केलेली चालही. मुलूख मारायला निघालेल्या फौजेचा शब्द शांतीच्या राजाला कसा चालेल? शिवाय घरात थट्टेने नवऱ्यालाही स्वारी म्हणतात. पण मला तिसरे कारण अधिक खोल वाटते, आणि ते आपल्या गावगाड्यात आहे.

स्वारी सर्वांना सारखी दिसत नव्हती. पाटील-कुलकर्ण्यांना ती मान होती, पोरासोरांना तमाशा होती; महारवाड्याला ती वेठ होती. वाट झाडायची, सामान वाहायचे, लाकूडफाटा आणून द्यायचा, घोड्यांपुढे धावायचे. मोबदला मागायचा नाही, कारण तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात ते काम पिढ्यान् पिढ्या गळ्यात बांधलेले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली आणि त्या सुमारास वेठीविरुद्धही हुकूम काढले. स्वारीचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते, हे स्वतः स्वारीत बसणाऱ्या राजाला कळले होते. आणि या भागात मिशनऱ्यांचे म्हणणे ज्यांनी ऐकले त्यांत महार-मांग वस्त्यांतले लोक मोठ्या संख्येने होते. ज्याने स्वारीपुढची वाट झाडली, त्याला तारणारा स्वारी घेऊन येतो हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

हे कारण खरे असेल तर संकोच समजण्यासारखा आहे. पण ग्रीक शब्दाकडे पुन्हा पाहा. परूसियाही निर्मळ नव्हता. त्यालाही रयतेच्या घामाचा वास होता. नव्या कराराच्या लेखकांनी तो टाकला नाही. त्यांनी तो घेतला आणि आतून उलटा केला. लूकच्या बाराव्या अध्यायात मालकाच्या परतीचा दृष्टान्त आहे. नोकर रात्री दिवे लावून वाट पाहत आहेत. मालक येतो, त्यांना जागे पाहतो, आणि मग स्वतः कंबर कसून त्यांना जेवायला बसवतो व वाढतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सिंहासनावर बसलेला राजा न्याय करतो, तेव्हा आपल्या दरबारी मानपानाची चौकशी करत नाही. भुकेल्याला जेवू कोणी घातले, तहानेल्याला पाणी कोणी दिले, तुरुंगातल्या माणसाला भेटायला कोण गेले, एवढेच विचारतो. आणि तो भुकेला, तो कैदी मीच होतो, असे सांगतो.

या राजाची स्वारी येते आणि वेठ राजाच करतो. ख्रिस्ती श्रद्धेतल्या सर्वोच्च अधिकाराचे वैशिष्ट्य ते हेच. 'आगमन' या गुळगुळीत शब्दाने हा उलटापालटीचा धक्काच नाहीसा होतो. जो शब्द कधी दुखला नाही, तो बरा झाल्याचे कळणार कसे?

४

मराठी ख्रिस्ती काव्याचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून होतो. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत राहून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक लक्षात घेण्यासारखे आहे : आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील येण्याविषयीचे निवेदन. ग्रंथाचे नावच येण्यावर आहे, आणि ते येणे पहिले आहे.

स्टीफन्स यांनी शब्दांच्या बाबतीत जे धाडस दाखवले ते पुढे क्वचितच कोणी दाखवले. स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हणायला ते कचरले नाहीत. येशूला त्यांनी 'स्वामी' म्हटले. या एका शब्दात गुरूही आहे आणि धनीही. ग्रीक 'क्युरिओस'ला इतका नेमका मराठी प्रतिशब्द नंतरच्या 'प्रभू'तही सापडत नाही. पण पुराण हा प्रकार मुळात घडून गेलेले सांगण्याचा. श्रोता विचारतो, पौराणिक सांगतो. पुढे घडायचे ते पुराणात भाकीत म्हणून येते, अनुभव म्हणून नाही.

आणखी एक अडचण काळाची होती. स्टीफन्स लिहीत होते तेव्हा गोव्यात सत्ता पोर्तुगीज राजाची होती आणि धर्मन्यायालय १५६० पासून चालू होते. ख्रिस्ताचा अधिकार म्हटले की साष्टीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोणाचा अधिकार उभा राहत असेल? ज्या सत्तेने देवळे पाडली, तिच्याच झेंड्यावर क्रूस होता. पुनरागमनाच्या श्रद्धेत खरे तर अशा प्रत्येक सत्तेला एक बजावणी आहे : तुझ्या वर कोणी आहे आणि तो यायचा आहे. ती बजावणी त्या राज्यात मोकळेपणाने उच्चारणे सोपे नव्हते. रोममधूनच पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली 'ख्रिस्त राजा' हा सण सुरू केला, तो महायुद्धानंतर उन्मत्त होत चाललेल्या राष्ट्रांना ही आठवण देण्यासाठी. स्टीफन्स यांच्यानंतर तीनशे वर्षांनी.

५

नारायण वामन टिळकांकडे वळले की सूर पालटतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताकडे जाण्याची वाट तुकारामांवरून काढली. त्यांच्या ज्या रचना मराठी मनात रुजल्या त्यांत ख्रिस्त गुरू आहे, आई आहे, सखा आहे. वारकरी भक्तीची ही सगळी नाती त्यांनी निःसंकोच वापरली, आणि आजही मराठी उपासनेत त्यांच्या गीतांना पर्याय नाही.

पण या भक्तीची एक मर्यादा आहे, ती टिळकांची नव्हे, त्यांनी निवडलेल्या परंपरेची. पंढरीचा देव येणारा देव नाही. पुंडलिकासाठी तो एकदा आला आणि विटेवर उभा राहिला. येणे-जाणे भक्ताने करायचे. वाट चालणारा वारकरी आणि वाट पाहणारा देव, हे त्या नात्याचे रूप. ख्रिस्ती पुनरागमनात हे उलट आहे : तिथे वाट माणसाने पाहायची आणि चालत देवाने यायचे. अभंगाच्या साच्यात ख्रिस्त ओतला की तो जवळ येतो, प्रेमळ होतो. पण तो येणार असल्याची हुरहुर आणि तो न्याय करणार असल्याची भीती त्या साच्याबाहेर राहते. आईपुढे लेकरू रडते, तिच्यापुढे हिशेब देत नाही.

हे टिळकांना कुठेतरी जाणवले असावे, असे मला त्यांच्या अखेरच्या कामाकडे पाहून वाटते. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून साताऱ्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसमाज उभा केला. त्याला नाव दिले 'देवाचा दरबार'. आईच्या मांडीवरून दरबारात, हा प्रवास लहान नाही. सातारा ही छत्रपतींची गादी. तिथे 'दरबार' हा शब्द पोकळ नव्हता. पण या दरबारात जात नाही, मानाची पायरी नाही, मिशनच्या चौकटीचीही अट नाही. राजा अदृश्य आहे आणि त्याची माणसे एकमेकांत वागताना तो आल्यासारखी वागत आहेत. अधिकार आहे, पण दिसायचा आहे, हा बारकावा मी वर मांडला. टिळकांनी तो पद्यात मांडण्याऐवजी माणसांत मांडून पाहिला. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले. त्यांच्या अपुऱ्या 'ख्रिस्तायना'चा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. अपुऱ्या दरबाराला तसा कोणी मिळाला नाही.

६

कोल्हापूरशी जोडलेले आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा तो एक प्रमुख प्रवर्तक. याच पिढीत सगळ्या जगाला शुभवर्तमान सांगायचे, हे त्या चळवळीचे ब्रीद. त्यामागे सर्वांची श्रद्धा एकच नव्हती. आर्थर पिअर्सन यांच्यासारख्यांना वाटे, सगळ्या राष्ट्रांत शुभवर्तमान पोचले की राजा येईल, म्हणून घाई करायची. दुसऱ्यांना वाटे, शाळा, दवाखाने, सुधारणा यांतून राज्य हळूहळू भरत येईल.

या दुसऱ्या कल्पनेसाठी राधानगरीच्या धरणासारखे उदाहरण नाही. त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. इतिहासही असाच भरत जाईल आणि एक दिवस न्यायाचा दरवाजा आपसूक उघडेल, हा एकोणिसाव्या शतकाचा विश्वास होता. पहिल्या महायुद्धाने तो मोडला. पुनरागमनाची श्रद्धा मात्र आपसूक काहीच उघडेल असे सांगत नाही. एक व्यक्ती येणार, असे ती सांगते. तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे मार्काच्या शुभवर्तमानातले विधान त्यामुळे महत्त्वाचे. पाणीपातळीवरून ती वेळ काढता येत नाही.

तरीही त्याच धरणाची दुसरी गोष्ट या श्रद्धेच्या जवळ जाते. शाहू महाराजांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. १९१८ मध्ये पैशाअभावी काम थांबले. पण अपुऱ्या भिंतीमागेही पाणी अडतच होते. १९२२ मध्ये महाराज गेले, १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, आणि काम तडीस गेले ते पुढच्या दशकात. आलेले आणि अजून यायचे असलेले, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

७

आता शेवटच्या आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो. हा दिवाळी अंक आहे, आणि दिवाळीतच मराठी माणूस एका राजाच्या परतण्याची प्रार्थना करतो. बलिप्रतिपदेला घरोघरी ओवाळताना इडापिडा टळावी व बळीचे राज्य यावे, असे मागणे मागितले जाते. न्यायी राजा, कपटाने हरवलेला, पाताळात घातलेला. आणि लोकांच्या तोंडी अजून त्याच्या राज्याची वाट. कल्की हाही येणारा आहे आणि तोही प्रकटीकरणातल्या स्वारासारखा पांढऱ्या घोड्यावर आहे. पण तो येतो ते युगचक्राचा पुढचा फेरा सुरू करायला. बळीकडे मागितला जातो तो न्याय. म्हणूनच शेतकऱ्याला आपण आजही बळीराजा म्हणतो.

हे नाते एका माणसाने ओळखले आणि तो बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूची गणना बळीराजाच्या परंपरेत केली. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांना दिसलेले साम्य अचूक होते : दोघेही दुबळ्यांचे कैवारी आणि दोघांचाही घात प्रस्थापितांनी केला. ख्रिस्ती कवींना हे का सुचले नसावे? मराठी ख्रिस्ती काव्याला जी भाषा मिळाली ती पुराणिकांची, कीर्तनकारांची, संस्कृत जाणणाऱ्या घरांतून आलेल्यांची होती. तिथे बळी हा वामनाच्या कथेतला हरलेला पक्ष. खळ्यावरच्या आणि उंबऱ्यावरच्या बाईच्या तोंडचे मागणे त्या भाषेच्या कानी पडले नाही. मराठीत पुनरागमनाचे काव्य निर्माण झाले नाही याचे मुख्य कारण मला इथे दिसते. प्रतिमा नव्हती असे नाही. ती ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे लेखणी नव्हती.

फुल्यांच्या मांडणीलाही एक सीमा आहे, ती सांगायला हवी. त्यांचा बळी-येशू हा शिकवणीतून आणि लोकांच्या जागृतीतून परततो. ख्रिस्ती श्रद्धा त्यापुढे जाते. जो मारला गेला तोच, जखमांच्या खुणांसह, येतो. प्रकटीकरणात सिंहासनाजवळ उभा असतो तो वधलेला कोकरा. न्यायाधीश आणि बळी गेलेला एकच असणे, ही त्या अधिकाराची दुसरी बाजू. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच हाती निकाल असेल, तर मोठ्यांनी भ्यावे आणि लहानांनी मान वर करावी.

आणि त्या अधिकाराचा शेवट? पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो आहे. सर्व सत्ता मोडून झाल्यावर पुत्र राज्य पित्याच्या स्वाधीन करतो. त्याच्या राज्याला अंत नाही असे मतांगीकार म्हणतो आणि ते राज्य तो सोपवून देतो असे पौल म्हणतो. ही विसंगती वाटते, पण मला त्यात या श्रद्धेचे मर्म दिसते. धरून ठेवलेली सत्ता कधीतरी संपते. देऊन टाकलेली संपत नाही. वामनाने बळीच्या मस्तकावर पाय ठेवला अशी कथा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. मराठीत या दोन पायांची गाठ अजून कोणी कवितेत घातलेली माझ्या वाचनात नाही.

ती घालायची तर 'आगमन' पुरणार नाही. ज्यांनी वेठ केली त्यांच्या नातवंडांच्या हाती आता लेखणी आहे. स्वारी हा शब्द काय वजनाचा होता हे त्यांना घरातून ठाऊक आहे. तो शब्द त्यांनी उचलावा की कायमचा टाकावा, हे त्यांनीच ठरवायचे. उचलला, तर मराठी ख्रिस्ती कवितेला तिचे राहिलेले अर्धे काम मिळेल. राजाच्या येण्याचे वर्णन, ज्याने त्याची वाट झाडली त्याच्या बाजूने.